जुन्या पट्ट्याचं माप

४ सप्टेंबर, बुधवार

मशीन आज मैदानाच्या बरोबर मधोमध बसलं. इंजिन सुरू, पाती गरगर फिरतायत, मी सीटवर ताठ बसलेली, आणि चाकं जागची हलायला तयार नाहीत. वर रबर जळल्याचा वास. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे निवृत्त मास्तर थांबले, हात मागे बांधून बघत राहिले आणि म्हणाले, "बंद पडलं वाटतं."

मी म्हटलं, "नाही, फोटो काढायला थांबलंय."

शेवटी त्यांनी आणि मी मिळून ते ढकलत शेडपर्यंत नेलं. मास्तरांना धाप लागली, मला राग आला. खाली वाकून पाहिलं तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा पट्टा झिजून गुळगुळीत झालेला. कडा उसवल्यासारख्या, दोरे लोंबतायत. पात्यांचा पट्टा वेगळा असतो, तो ठणठणीत आहे. म्हणजे गवत कापायची तयारी पूर्ण, फक्त गवतापर्यंत जायची सोय नाही.

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. आज मागच्या पानापासून लिहायला घेतली, कारण घरात बोलायला माणूस नाही. म्हणजे आहे, पण त्याच्या तोंडाला कुलूप आहे. पंचवीस वर्षं हे मंडळाचं मैदान राखतात. जूनमध्ये प्रेक्षकांच्या बाजूच्या उतारावर मशीन कलंडलं आणि हे खाली. चाकाखाली दगड आला म्हणाले. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालतात. डॉक्टर म्हणाले, सहा महिने मशीनवर बसायचं नाही. गवत काही डॉक्टरांचं ऐकत नाही. मी म्हटलं, मी कापते.

"त्या मशीनला हात लावायचा नाही."

"का?"

"बाईमाणसाचं काम नाही ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची किल्ली घेऊन मी मशीनवर बसले. तेव्हापासून अबोला. आज विसावा दिवस. माझं काही अडत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

मंडळाचे चिटणीस येऊन गेले. मास्तरांनी बातमी पोचवलीच असणार. शेडच्या दारात उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही, बुटांना तेल लागलं असतं ना.

"वहिनी, पुरे झाला हट्ट. एकवीस तारखेला सामने आहेत. बाहेरचे संघ येणार, लोक उतारावर बसणार. मेकॅनिक तीन आठवडे फिरकणार नाही म्हणतो."

"मग मी आहे ना."

"अहो, हे यंत्र आहे, तुमचं शिवणयंत्र नव्हे."

"शिवणयंत्रालाही पट्टा असतो, चिटणीससाहेब. माझ्या पायमशीनचा पट्टा तीस वर्षं मीच कापते आणि मीच जोडते."

ते हसले. मला हसलेलं चालतं, पण कीव केलेली चालत नाही, आणि त्यांचं हसू दुसऱ्या जातीचं होतं. मग त्यांनी पुन्हा तेच ऐकवलं. एकवीसच्या आत मैदान आणि उतार दोन्ही कापून झालं नाही तर काम कंपनीकडे जाईल. कामाबरोबर या दोन खोल्याही जातील, कारण त्या कामाच्या आहेत, आमच्या नाहीत. "तुमच्या मुलीकडे जागा आहे की," असंही म्हणाले. मुलीकडे जागा आहे, पण शिवणयंत्र ठेवायला नाही, आणि ज्या घरात मला पसारा करता येत नाही ते माझं घर नव्हे.

हे आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. बाहेर येऊन एक शब्द बोलतील? नाव नको.

७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर शेडमध्ये. आधी बॅटरीची तार काढली. हे काल लेकीने फोनवर बजावलं होतं. मग मशीनच्या पोटाखालचा पात्यांचा पत्रा सोडवला. चार खिट्ट्या आहेत, तीन मुकाट्याने निघाल्या, चौथीने माझी दोन नखं घेतली.

एक नवल लिहून ठेवते. शेडमधल्या फळीवर नट सोडवायचे पाने ओळीने मांडलेले होते. नुसते मोठ्या-लहान क्रमाने नव्हेत. ज्या क्रमाने लागले त्याच क्रमाने! पहिला उचलला तो पहिल्या नटाला बसला, दुसरा दुसऱ्याला. मीच कधी मांडले असतील, आजकाल डोकं ठिकाणावर नसतं. जमिनीवरच्या धुळीत पेल्याच्या बुडाएवढे गोल ठसेही होते, चार-चार. तेलाचे डबे कोणी सरकवले असतील. झाडून काढले.

दुपारी पट्टा हातात आला. मेलेल्या सापासारखा लिबलिबीत. मी तो दारातून आत नेला आणि यांच्या समोरच्या टेबलावर मुद्दाम आपटला. यांनी पेपर वर केला.

८ सप्टेंबर, रविवार

पट्ट्यावरचा नंबर पुसून गेलाय. पण माप घ्यायला मला नंबर लागत नाही. लोक स्वतः येत नाहीत, जुना अंगातला कपडा पाठवतात, आणि मी त्यावरून नवा शिवते. आजवर एकही परत आलेला नाही. टेप घेतली, पट्टा टेबलावर पसरला, बाहेरच्या कडेने नीट मोजला. वर अर्धा इंच जास्त धरला. ही सवयच. कमी पडलं तर जोड दिसतो, जास्त असलं तर कुठेही मुरतं.

हे खुर्चीत बसून बघत होते. खाकरले. एकदा, दोनदा. मी वर बघितलं तर खिडकीबाहेर बघायला लागले. खोकल्याचं औषध संपलंय का ते बघायला हवं.

११ सप्टेंबर, बुधवार

तोंडघशी पडले.

दुकानात दिलेल्या मापाचा नवा पट्टा आला, चढवला, सगळं पुन्हा जोडलं. पाच तास. कोपरापर्यंत काळी झाले होते, पण काय ऐट होती माझी! मास्तरांना मुद्दाम थांबवून ठेवलं. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, पायाखालची पट्टी दाबली, आणि काही नाही. मशीन नुसतं गुरगुरलं. पट्टा पुलीवर सैल फिरत होता, मापाबाहेरची बांगडी फिरावी तसा. पुढे ढकलल्यावर हातभर गेलं आणि थांबलं.

मास्तर म्हणाले, "होतं असं."

कधी कधी माणसाचं चांगुलपण सहन होत नाही. मी म्हटलं, "तुमच्या चार फेऱ्या राहिल्यात," आणि ते गेले. मग शेडचं दार लावून घेतलं आणि भरपूर रडले. इथे खोटं कशाला लिहू. घर जाईल म्हणून रडले, नखं गेली म्हणून रडले, आणि सगळ्यात जास्त यासाठी की आत खुर्चीत एक माणूस आता मनात "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत असेल.

डोळे पुसून घरात गेले तर हे फोनवर बोलत होते. मला बघून ठेवला. माझ्याशी सोडून सगळ्या जगाशी बोलतात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सकाळी लेकीचा फोन. ही मुलगी लहानपणी स्क्रू कुठल्या बाजूने पिळतात ते विचारायची, आणि आता काय हुशार झालीय!

"आई, तू जुन्या पट्ट्यावरून माप घेतलंस ना?"

"मग कशावरून घेऊ?"

"अगं, तो वर्षानुवर्षं ताणला गेलाय. ढिला झाला म्हणून तर बाद झाला. तू ढिल्याचं माप दिलंस."

पुढे म्हणाली, "आणि वर अर्धा इंच सोडलास."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी ओळखते ना तुला."

मग ती सांगत गेली आणि मी लिहून घेत गेले. सीट उचलली की खाली एक पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर मशीनचा नंबर आहे, चिखल खरवडल्यावर दिसेल. तो दुकानदाराला द्यायचा, त्यावरून पट्टा मिळतो. पट्टा चढवताना मधल्या दोन पुल्यांपैकी खाच असलेलीवर पट्ट्याची निमुळती बाजू आणि सपाट असलेलीवर पाठ. मागच्या डाव्या कोपऱ्यातला बोल्ट मूळचा नाही, बदललेला आहे, त्याला एक नंबर मोठा पाना.

"एवढं सगळं कुठे मिळालं तुला?"

"इंटरनेटवर, आई. सगळं असतं तिथे."

आमच्या शेडमधल्या मशीनचा एक बोल्ट बदललेला आहे हेसुद्धा असतं! धन्य आहे. मी तिला म्हटलं, बाबांना सांगू नकोस माझी चूक झाली ते. ती म्हणाली, "नाही सांगणार," आणि उगीच हसली.

ताणून ढिला झालेला कपडा मापाला पाठवला तर मी गिऱ्हाइकाला परत पाठवते. म्हणते, हा पसरलाय, दुसरा आण. पट्ट्याच्या वेळी मात्र अक्कल गहाण टाकली. रबर ताणलं जातं, हे काय मला ठाऊक नव्हतं?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानात गेले. दुकानदाराने मशीनचा नंबर वाचला, मग माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं.

"मालकांना पाठवा ना. समजावून सांगतो कसा बसवायचा."

"मालकांचा खुबा मोडलाय. आता मालक मीच समजा."

"नाही, म्हणजे पुली असते, ताण असतो..."

मी त्याला खाचेची पुली, सपाट पुली, निमुळती बाजू, पाठ, सगळं एका दमात ऐकवलं. लेकीचे शब्द, पण तोंड माझं. त्याने पेन खाली ठेवलं. पट्टा बाहेरून मागवावा लागेल, बुधवारपर्यंत येईल. म्हणजे अठरा. हातात राहतात तीन दिवस. आधीचा पट्टा वापरलेला, तो परत घेणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मागितलंय कोणी?

१८ सप्टेंबर, बुधवार

पट्टा आला. जुन्याशेजारी टांगला तर दीड-दोन इंच आखूड. अर्धा तास बघत बसले. चूक अशी समोर टांगलेली दिसली की निदान तिच्याशी भांडता येतं.

चिटणिसांचा निरोप: कंपनीच्या माणसाला शनिवारी सकाळी बोलावून ठेवलंय, "नुसतं असावं म्हणून". मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, त्याला म्हणावं सामना बघायला ये, उतारावर बसायला चांगली जागा मिळेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बसला!

पण आधी स्प्रिंगचं लिहिते. ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग ओढून खाचेत अडकवायची असते. आखूड पट्ट्याला ती दुप्पट ताकद मागते. पक्कडीने ओढली, निसटली, तळहात फाटला. कापड गुंडाळून पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. मी तिला दोन शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही, वही गिऱ्हाइकांसमोर उघडी पडते. हात धुवायला घरात गेले आणि दहा मिनिटांनी परत आले तर सीटवर एक आकडा ठेवलेला. जाड तार वाकवून केलेला, टोक स्प्रिंगच्या गोलाएवढंच, आणि मुठीवर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. हिरवं अस्तर. माझ्या चिंध्यांच्या पिशवीतलं.

पिशवी घरात पलंगाखाली असते. आता मी इतकीही बावळट नाही. पानेसुद्धा यांनीच मांडले होते आणि ते गोल ठसे वॉकरचे होते.

आकड्याने स्प्रिंग एका झटक्यात बसली. वाटलं, आत जाऊन काहीतरी म्हणावं. दारापर्यंत गेले. हे डोळे मिटून बसले होते, झोपेचं सोंग, बोटांवर तारेचे वळ. आणि मला रागच आला. मशीनवर जीव आहे यांचा, पंचवीस वर्षांचं मशीन, ते नीट व्हावं म्हणून तार वाकवता येते. माझ्यासाठी एक शब्द वाकवता येत नाही? चहाचा कप समोर ठेवला आणि निघून आले. कप ठेवताना जरा आवाज केला.

मशीन सुरू केलं. पायाची पट्टी दाबली, आणि असा हिसका देऊन पुढे गेलं की मी मागे कलंडले. संध्याकाळपर्यंत अर्धं मैदान कापून झालं. मास्तर कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या चार फेऱ्या माफ.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हे सगळं जसं झालं तसं लिहायचंय.

दुपारी सपाट मैदान संपलं. राहिला उतार. चिटणीस आलेलेच होते, छत्री टेकून बघत. "उतार जमेल का, वहिनी? नाहीतर तेवढा राहू दे, पण मग काम पुरं झालं असं म्हणता येणार नाही."

"बघा ना जमतं का."

यांना उतार कापताना मी पंचवीस वर्षं खिडकीतून पाहिलंय. हे आडवे जायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वळून परत. कापडावर आडव्या रेघा असाव्यात तसा दिसायचा उतार, मला फार आवडायचा. मी पण तसाच कापणार होते. यांनाच काय ते येतं असं नाही. मशीन उतारावर चढवलं, मधे नेलं आणि आडवं वळवलं. वरच्या बाजूची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. मी दात आवळले.

तेवढ्यात हाक ऐकू आली. माझं नाव. छत्तीस दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही मैदानभर ऐकू जाईल असं.

हे शेडपासून वॉकर आपटत येत होते. गवतात वॉकर रुततो, तर उचलून पुढे टाकत होते आणि स्वतःला मागून ओढत होते. "थांब! आडवी जाऊ नकोस! तोंड खाली कर, खाली! सरळ उतर!"

मी ओरडले, "तुम्ही जाता की आडवे!"

"म्हणून तर पडलो!"

मी इंजिन बंद केलं. ब्रेक दाबून धरला.

हे उताराच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. बरोबर माझ्या खाली, मशीन घसरलं असतं तर सरळ यांच्या अंगावर आलं असतं अशा जागी. श्वास लागलेला. आणि चिटणिसांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "दगड नव्हता. आडवं कापायचं नाही असं मशीनवर लिहिलेलं आहे, मंडळानेही सांगितलेलं आहे. मी ऐकलं नाही. आडवं लवकर होतं, दिसतं पण छान. वरची चाकं उचलली गेली. माझी चूक होती. तू सरळ खाली उतर, मग खालून वर, वरून खाली. वळायचं ते सपाटीवर."

चिटणीस छत्रीचं टोक जमिनीत खुपसत राहिले.

मी म्हटलं, "तुम्ही आधी बाजूला व्हा."

"तू उतर. मग होतो."

"बाजूला व्हा म्हणतेय ना!"

"नाही होत."

असे दोघे अडून बसलो, एक उतारावर, एक उताराखाली. शेवटी मास्तरांनी यांचा दंड धरून चार पावलं बाजूला नेलं. मी इंजिन पुन्हा लावलं, चाकं खाली वळवली आणि सरळ उतरले. पट्ट्याने घट्ट धरून ठेवलं, मशीन तसूभरही घसरलं नाही. मग वर. मग खाली. पूर्ण उतार उभा कापला. उभ्या रेघाही वाईट दिसत नाहीत.

२१ सप्टेंबर, शनिवार

सामने झाले. उतार माणसांनी भरला. कंपनीचा माणूस आला होता, त्याने गवताला हात लावून बघितलं आणि खरंच शेवटपर्यंत सामना बघत बसला.

संध्याकाळी चिटणीस घरी आले. पहिल्यांदाच आत येऊन बसले. यांना म्हणाले, "तुम्ही चारचौघांत कबूल केलंत. आता डॉक्टरांनी हो म्हटलं तरी मला तुम्हाला मशीनवर बसवता येणार नाही. समजून घ्या."

"समजूनच बोललो मी काल," हे म्हणाले.

मग मला म्हणाले, "वहिनी, सहा महिने तुम्ही बघा. तोवर खोल्या राहू देत. पुढचं पुढे."

"सहा महिने नाही. यांना ठेवलं होतं तसंच मला ठेवा, आणि कागदावर माझं नाव घाला. 'यांच्या वतीने' वगैरे चालणार नाही. नाहीतर तो कंपनीचा माणूस अजून फाटकापाशी आहे, त्याला हाक मारा. त्याला म्हणावं, उतार उभा कापायचा असतो."

चिटणिसांनी यांच्याकडे पाहिलं, घरातल्या पुरुषाकडे बघतात तसं. हे म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? मैदान तिचं आहे. मी पाने मांडून देतो."

सोमवारी कागद येतो.

२२ सप्टेंबर, रविवार

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. फोन ठेवल्यावर यांना म्हटलं, "हिला इंजिनीअरच करायला हवं होतं. पट्ट्याचं सगळं इंटरनेटवरून शोधून काढलं पोरीने." हे म्हणाले, "हं. हुशार आहे," आणि पेपर वर केला.

आता बोलतात, म्हणून विचारून घेतलं. पोटात ठेवलं तर कुजतं. "मशीनला हात लावू नकोस म्हणून डाफरलात. बाईमाणसाचं काम नाही म्हणालात. त्याऐवजी एवढंच सांगायचं होतं, उतारावर आडवी जाऊ नकोस, मी तसाच पडलो."

पेपर खाली आला. यांनी त्याची घडी घातली, मग घडीचीही घडी घातली. मला वाटलं, झालं, पुन्हा छत्तीस दिवस.

"लाज वाटली," म्हणाले. मग म्हणाले, "दवाखान्यात डोळे मिटले की तू त्या मशीनवर दिसायचीस. खाली येताना. म्हणून वाटलं, मशीनच नको." आणि घडी पुन्हा उलगडत, "शिवाय आडवी जाऊ नकोस असं सांगितलं असतं, तर मला दाखवायला म्हणून तू मुद्दाम आडवी गेली असतीस."

"काहीतरीच!" मी म्हटलं. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि उठून कामाला लागले.

गेले असते. हे फक्त या वहीत.